दहा गुणांनी हुकलेलं पत्र

लेखनात २९० गुण मिळाले. लागत होते ३००.

निकाल बघितला तेव्हा नाईट ड्युटी करून नुकतीच घरी आले होते. ऐकणं ३६०, वाचन ३५०, बोलणं ३८०. परीक्षा ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची. यूकेत नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसी या संस्थेला तिच्यात या तिन्हींत बी ग्रेड, म्हणजे किमान ३५० लागतात आणि लेखनात सी प्लस, म्हणजे ३००. फी तीस हजारांच्या वर गेलेली, पुण्याला जाऊन परीक्षा दिलेली, त्यासाठी ड्युट्या बदलून घेतलेल्या. आई एवढंच म्हणाली, "आधी जेव, मग बघू."

मी कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात सहा वर्षं काम करते. शाळा मराठी, पण आजारांची आणि औषधांची इंग्रजी नावं रोज तोंडात असतात. म्हणूनच आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा सोडून ओईटी निवडली. तिच्यात पत्र लिहायचं तेही पेशंटबद्दलच. केस नोट्स वाचायला पाच मिनिटं, लिहायला चाळीस, आणि पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं.

क्लासमध्ये आमच्याकडून तयार वाक्यं पाठ करून घेतली होती. पत्र कुणाला आणि कशासाठी, हे कुणी विचारलंच नाही. त्याचा मला अजूनही राग येतो, कारण पैसे भरणाऱ्या मुली कर्ज काढून आलेल्या असतात.

आमच्या वॉर्डातून यूकेला गेलेल्या एका ताईंना मी सरावाचं पत्र पाठवलं. खुब्याचा सांधा बदललेली बाई घरी जाते आहे, घरी येऊन बघणाऱ्या नर्सला लिहायचंय. माझं पत्र २८० शब्दांचं. लहानपणी काढलेले टॉन्सिल्स, तीन दिवसांचे बीपीचे आकडे, सगळं त्यात. जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात, हे पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात बसवलेलं. काही गाळायला हातच धजत नाही.

ताईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "हे पत्र वाचून ती सिस्टर आधी काय करणार?"

"ड्रेसिंग बघेल, टाके कधी काढायचे ते बघेल. रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू ठेवेल."

"मग ते चौथ्या परिच्छेदात का गं?"

तिथं माझे डोळे उघडले. पत्र कशासाठी आहे ते सुरुवातीलाच कळतं का, याला वेगळे गुण आहेत. नको ते गाळलंय का, हेही तपासतात. आणि हे काम तर मी रोज सकाळी हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना करतेच! पाच नंबरच्या आज्जींचे टॉन्सिल्स मी कधी कुणाला सांगितले नव्हते. मग दोन महिने ड्युटीवरून आल्यावर रोज एक पत्र लिहिलं. आधी तीन ओळींत ठरवायचं, वाचणाऱ्या नर्सला काय करायचंय, मग लिहायला घ्यायचं.

बोलण्याच्या परीक्षेची मला सगळ्यात धास्ती होती, पण ती आपल्या वॉर्डासारखीच निघाली. कार्ड वाचायला तीन मिनिटं, मग साधारण पाच मिनिटं समोरची व्यक्ती पेशंट होऊन बोलते, असं दोनदा. ऑपरेशनला घाबरलेल्या मामांना आपण आधी "काय वाटतंय?" विचारतो, माहिती मागनं सांगतो. तसंच करायचं. ऐकण्यात मात्र ध्वनिफीत एकदाच लागते. एक शब्द सुटला तर त्याच्यामागे न धावता पुढच्या रिकाम्या जागेवर जायचं.

दुसऱ्यांदा लेखनात ३४० आले आणि वाचन ३४० वर घसरलं. क्षणभर हातपाय गळाले. पण बारा महिन्यांच्या आतले दोन निकाल एनएमसी जोडून धरते. दोन्ही वेळा चारही पेपर दिलेले हवेत, लेखन सी च्या आणि बाकीचे तीन सी प्लसच्या खाली नकोत. माझं २९० सी मध्येच बसत होतं. पहिल्या वेळचं वाचन, दुसऱ्या वेळचं लेखन, अशी भाषेची अट पूर्ण झाली.

आता सीबीटीची, म्हणजे यूकेच्या नोंदणीसाठी कॉम्प्युटरवर द्यायच्या नर्सिंगच्या परीक्षेची तयारी चालू आहे. वॉर्डातली एक ज्युनिअर ओईटीला बसते आहे. काल तिनं पत्र दाखवलं, २६० शब्द होते. मी तिला विचारलं, "हे वाचून ती सिस्टर आधी काय करणार?"