माझ्या नावाचा कप

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत लिहा असा निरोप आला तेव्हा शिक्षकांच्या आठवणी लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसलो की नजर जाते कपाटावरच्या पितळी कपाकडे. ‘टेबल टेनिस, मुले, विजेता, 1989’ आणि खाली माझं नाव. या कपाबद्दल एक कबुली द्यायची राहिली आहे.

शाळेत टेबल एकच, सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात. नेट मधोमध झोळीसारखं लोंबायचं. बॉल चेपला की गरम पाण्यात टाकून फुगवायचा. असा दोनतीनदा फुगवलेला बॉल वेडावाकडा उसळायचा, पण तो टाकून द्यायची कुणाची छाती नव्हती. मधल्या सुट्टीतला कायदा साधा होता: जिंकेल तो टेबलावर, हरेल तो रांगेच्या शेवटी. आमच्या वर्गातली एक मुलगी टेबलावर आली की घंटा होईपर्यंत हलायची नाही. (नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आमच्या बॅचला सांगायची गरजही नाही.)

ती जोरात मारायचीच नाही. बॅट वरून खाली आणत बॉलला पोटाखालून कापायची. बॉल आळसावल्यासारखा यायचा, टप्पा पडला की थबकायचा, आणि मी हाणला की सरळ नेटमध्ये. चिडून आणखी जोरात हाणायचो, पुन्हा नेटमध्ये. उलट्या फिरकीचा बॉल वर उचलावा लागतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर 21 पॉइंटांच्या गेममध्ये तिच्यापुढे पंधरा ओलांडल्याचं आठवत नाही.

स्नेहसंमेलनाआधी सामने झाले. मुलांत बत्तीस नावं, मी पाच मॅच जिंकलो. मुलींत नावं चार, ती दोनच मॅच खेळली. बक्षीस घेताना आम्ही शेजारी उभे, हातात सारखेच कप. ती हळूच म्हणाली, “उद्या मधल्या सुट्टीत येतोस ना?” गेलो. हरलो.

त्यानंतर कित्येक वर्षं मी तावातावाने सांगत असे की या खेळात तरी स्त्री-पुरुष असे दोन गट नकोत. व्हॉलीबॉलचं नेट पुरुषांसाठी 2.43 मीटर, बायकांसाठी 2.24. गोळाफेकीत गोळ्याचं वजनच वेगळं. इथे मात्र टेबल तेच 2.74 मीटरचं, नेट तेच 15.25 सेंटिमीटरचं, बॉलही दोघांना 2.7 ग्रॅमचाच. मग भिंत कशाला?

पुढे जिल्हा पातळीवरचे सामने जवळून पाहिले आणि आवाज जरा खाली आला. चांगला पुरुष खेळाडू टेबलापासून मागे सरकून टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देणारा फटका, ओढतो तेव्हा त्या बॉलमागे नुसता हात नसतो, पाय, कंबर, खांदा सगळं असतं. मिश्र दुहेरीत हे डोळ्यांनी दिसतं. दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीने मारायचं असतं, आणि कोणी कोणाचा बॉल घ्यायचा तो क्रम दर गेमला बदलतो. त्यामुळे एका गेममध्ये पुरुषाचा फटका समोरच्या बाईकडे जातो, पुढच्यात पुरुषाकडे. शेवटच्या गेममध्ये तर कुणाचे पाच पॉइंट झाले की मध्येच क्रम फिरतो. क्रम फिरला की मॅचचा रंगच पालटतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मिझुतानी आणि इतो या जपानी जोडीने चिनी जोडीविरुद्ध 0-2 अशी पिछाडी भरून काढून 4-3 ने सुवर्ण घेतलं, ती मॅच पाहताना मी स्कोअरपेक्षा कोणाचा बॉल कोण घेतंय हेच मोजत होतो.

उलट बाजूची गोष्टही विसरता येत नाही. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी, स्त्री-पुरुष सर्वांसाठी खुली होती आणि चीनच्या झांग शानने पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. 1996 ला स्कीट फक्त पुरुषांची झाली. महिलांसाठी वेगळी स्कीट आली थेट 2000 साली. ज्या खेळात बाई जिंकून दाखवते, तिथेच तिला दार बंद! वेगळा गट करणं वेगळं आणि बाहेर काढणं वेगळं, हे मला या गोष्टीवरून उमगलं.

आमच्या वर्षी मुलींमध्ये उपविजेती ठरलेली मैत्रीण मध्यंतरी भेटली. ती अजून खेळते. म्हणाली, “बत्तीस पोरांत टाकलं असतंत ना, तर पहिल्याच फेरीत घरी गेले असते आणि पुन्हा बॅट धरली नसती.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे मुलींचा कप हवाच होता. मुलांचाही असू दे. फक्त समारंभाच्या आधी दोन विजेत्यांची एक मॅच ठेवायला हवी होती, सगळ्या शाळेसमोर. आम्हा दोघांना निकाल ठाऊकच होता, बाकीच्यांनी तो पाहिला असता.

महोत्सवात माजी विद्यार्थ्यांचे सामने आहेत असं कळलं. संयोजकांना विनंती, ती मॅच तेवढी लावा. तिला मी विचारलं आहे. तयार आहे, पण 11 पॉइंटांचा नवा गेम नको, जुना 21 चाच हवा म्हणते.