बाईंचा तिसरा अंक

रविवार, रात्री

बाई गेल्याचं कळल्यापासून मनात भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा, म्हणजे रामाने त्यागलेल्या सीतेवरच्या त्या संस्कृत नाटकाचा, तिसरा अंकच घोळतोय. नागपूरला एम.ए.ला असताना बाईंनी तो आम्हाला शिकवला. खरं तर वाचून दाखवला. शिकवणं त्या वाचण्यातच असायचं.

आम्ही सगळ्या ‘एको रसः करुण एव’ (रस एकच, तो करुण) हा त्यातला श्लोक पाठ करून आलेलो. परीक्षेतल्या उत्तराची सुरुवात त्यानेच करायची, हे ठरलेलं. बाईंना ते अजिबात खपायचं नाही. तो श्लोक तमसेच्या, म्हणजे सीतेसोबत असलेल्या नदीदेवतेच्या तोंडी आहे, आणि अंक संपता संपता येतो. “तमसेने एवढं सगळं डोळ्यांनी पाहिलं, मग ती बोलली. तुम्ही आधी पाहा,” म्हणायच्या. तिथवर पोचेपर्यंत वर्गात तो श्लोक कुणी उच्चारायचा नाही.

आणि पाहायचं म्हणजे काय, तर कोण बोलतंय आणि ते कोणाच्या कानावर पडतंय, हे आधी सांगायचं. अर्थ नंतर. बारा वर्षांनी राम पंचवटीत आलाय. वासंती, म्हणजे तिथली वनदेवता आणि सीतेची मैत्रीण, त्याला सीतेबद्दल टोचून टोचून विचारते. सीता तिथेच उभी आहे, पण भागीरथीच्या, म्हणजे गंगेच्या कृपेने कुणाला दिसत नाही. तिचं बोलणं फक्त तमसेला ऐकू येतं. जिच्यावर अन्याय झाला तीच वासंतीवर रागावते, याला का छळतेस म्हणून. आणि ते वासंतीपर्यंत पोचतच नाही! इथे बाई थांबायच्या. काही समजावायच्या नाहीत. आम्ही पुस्तकात डोकं घालून बसायचो.

सीतेचं बोलणं प्राकृतात. आम्हाला सवय खाली छापलेली संस्कृत छाया, म्हणजे त्याचं संस्कृत रूप, वाचायची, सोपं पडतं म्हणून. बाई छायेवर हात ठेवायला लावायच्या. ‘आर्यपुत्र’ नाही, ‘अज्जउत्त’ असंच म्हणायचं. राम बोलतो त्या भाषेत ती बोलत नाही, हे जिभेला कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आज मी शिकवते तेव्हा मुलींना हेच करायला लावते. सुरुवातीला त्या अडखळतात, मग आवाज आपोआप खाली येतो. बाईंचं किती बरोबर होतं, ते दर वर्षी नव्याने कळतं.

भवभूती विदर्भातला, पद्मपूरचा. संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया भागातल्या आमगावजवळचं पद्मपूर असल्याचं मांडलं. वर्गात गोंदियाकडची एक मुलगी होती. बाईंनी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा फुलला! बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, “मग आता पुढचा श्लोक तू म्हण.” ती म्हणाली, आणि छान म्हणाली.

एका गोष्टीवरून मात्र आमचं कधी जमलं नाही. बाईंच्या मते सीतेने रामाला आतून माफ केलं ते तिसऱ्याच अंकात. सातव्यात गर्भनाटक (नाटकातलं नाटक) होतं, वसिष्ठांची पत्नी अरुंधती सीतेला स्वीकारावं का असं प्रजेला विचारते, ते सगळं लोकांसाठी. त्या दोघांत मिटवायचं काही उरलेलं नव्हतं. मला हे पटत नसे. तिसऱ्या अंकात रामाला ती तिथे आहे हेच ठाऊक नाही. बेशुद्ध पडल्यावर तिच्या स्पर्शाने तो जागा होतो, पण डोळ्यांना ती दिसत नाही. ज्याला माफ केलं त्यालाच ते कळलं नाही, तर ती माफी पुरी कशी? मी हे विचारलं की त्या म्हणायच्या, “लिहून आण. आपण बसू.” मी लिहून नेत असे, त्या माझे मुद्दे पानाच्या समासात बारीक अक्षरात खोडून काढत, आणि तरी पुढच्या खेपेला पुन्हा लिहायला सांगत.

आज संध्याकाळी अंक पुन्हा वाचला. माझं मत अजून तेच आहे. बाईंना सांगायला आणखी एक मुद्दा सापडलाय: रामाला तो स्पर्श ओळखू येतो, जानकी परत मिळाली असं तो वासंतीला सांगतोही, पण वासंतीलाही ती दिसत नाही म्हणून शेवटी तो त्याला भ्रमच मानतो. सातवा अंक त्याच्यासाठीही लागतोच.

हे लिहून काढते आहे. सविस्तर.