पद्मिनीत एसी बसला एकदाचा!

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, एप्रिलमध्ये सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आत बसवत नाही हो, म्हणून शेवटी एसी बसवलाच. कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे आला की इंजिन तापतं, त्यामुळे जादा इलेक्ट्रिक फॅन घ्याच. ड्रायरची, म्हणजे एसीच्या गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डबीची, टोपणं अगदी शेवटी उघडायची, तो हवेतला ओलावा पटकन ओढतो.

आणि व्हॅक्यूमला, म्हणजे गॅस भरण्याआधी एसीच्या नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढायला, घाई नको!! आम्ही पाऊण तास पंप चालवला, मग बंद करून अर्धा तास गेजकडे बघत बसलो, काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही, तेव्हाच आर-१३४ए हा एसीचा गॅस भरला, तोही वजनकाट्यावर मोजून. व्हॅक्यूममध्ये आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून बाहेर पडतं, ते राहिलं तर गॅस जातो त्या अरुंद व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो. आई मागे बसली, काच वर केली, म्हणाली, "अरे, गार लागतंय की!"