जिरकाटांगच्या नाक्यावरून बारातांगला

अंदमानला गेलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो, मग हॅवलॉकला जातो आणि एखादा दिवस उरलाच तर बारातांगच्या चुनखडीच्या गुहा बघतो. सहलीच्या पत्रकात गुहाच असतात. बुकिंग करताना मात्र हळूच सांगितलं जातं, "रस्त्यात जारवाही दिसतात बरं का!"

हा रस्ता म्हणजे अंदमान ट्रंक रोड, जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून काढलेला. आमच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स ड्रायव्हरने आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवल्या होत्या. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) पहाटेच्या अंधारात सोडलं तरी जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची लांबलचक रांग आमच्याआधी हजर होती. ड्रायव्हर फॉर्म भरायला गेला आणि आम्ही टपरीवर इडल्या खाल्ल्या. ठरलेल्या वेळीच गेट उघडतं आणि सगळ्या गाड्या एका ताफ्याने पोलीस बंदोबस्तात निघतात. ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला काही खायला द्यायचं नाही. ड्रायव्हरने वर स्वतःचं एक कलम जोडलं, "फोन बॅग में रखिए, पकडे गए तो गाडी मेरी अटकेगी."

नियम जाचक वाटतात ते मागची हकीकत ठाऊक नसली तर. २०११च्या जनगणनेत जारवा होते ३८०. म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या सोसायटीएवढी अख्खी जमात. नव्वदच्या दशकापर्यंत ते बाहेरच्यांना बहुतेकदा बाणांनी उत्तर देत. १९९६ मध्ये पाय मोडलेला एक जारवा मुलगा सापडला, सरकारी इस्पितळात बरा होऊन जंगलात परतला आणि त्यानंतर त्याचे लोक आपणहून बाहेर येऊ लागले. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव भागातला रस्ता बंद करायला सांगितलं. रस्ता चालूच आहे.

गाडीत सगळे काचेला नाक लावून बसलेले. मागच्या काकूंनी विचारलंच, "दिसतील ना हो?" जाताना कुणी दिसलं नाही. मिडल स्ट्रेटला बार्जने खाडी ओलांडली, स्पीडबोटीने खारफुटीतून गुहांपर्यंत गेलो. गुहा बऱ्या आहेत, एवढंच म्हणेन.

परतताना एका वळणावर दोन तरुण कडेला उभे होते, पाठ आमच्याकडे करून. गाडी एका बाजूला कलंडते की काय असं वाटावं इतके सगळे तिकडे झुकले. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू! काही सेकंदांचा मामला. आदिवासींना 'भेटून आलो' असं सांगणाऱ्यांची भेट बहुधा एवढीच असते.

हा रस्ता बंद व्हायला हवा, असं मी ड्रायव्हरपाशी बोललो. तो उखडला. उत्तरेकडच्या मायाबंदर, दिगलीपूरचा पेशंट मग पोर्ट ब्लेअरला न्यायचा कुठून? त्याचं चूक नव्हतं. पण तो पेशंट आणि गुहा बघायला निघालेले आम्ही एकाच रांगेत कशासाठी? बारातांगला समुद्रानेही जाता येतं. परत आल्यावर सहलवाल्याला बोटीचे दर विचारले. "त्याला मागणी नाही हो," म्हणाला, "बोटीतून जारवा कुठे दिसतात?"