८००९ वर कोणीच नाही

हळदीचा हंगाम. सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीवरून सकाळी नऊलाच फोन: "साहेब, पट्टी निघंना. ५०३ म्हणतंय." (पट्टी म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब; ५०३ म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'.) आदल्या रात्री त्यांचा टॉमकॅट, म्हणजे त्यांचं ॲप चालवणारा जावा सर्व्हर, ९.०.३० वरून ९.० च्याच नव्या आवृत्तीवर मीच नेला होता, त्यामुळे बोट दुसरीकडे दाखवायची सोय नव्हती.

मुखपृष्ठ नि लोगो येत होते, म्हणजे पुढची वेब सर्व्हर अपाची शाबूत. ॲपची मागणी ती एजेपी या प्रोटोकॉलने, पोर्ट ८००९ वर, टॉमकॅटकडे देते. सर्व्हरवर बसून थेट टॉमकॅटच्या एचटीटीपी पोर्टाला, ८०८० ला, कर्ल (कमांडने पान मागवणं) मारला तर लॉगिनचं पान आलं, म्हणजे टॉमकॅटही चालू. अपाचीच्या एरर लॉगमध्ये मात्र १२७.०.०.१:८००९ ला 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढली. ८००९ त्यात नव्हताच.

कारण टॉमकॅटच्या लॉगमध्ये, कॅटालिना.आऊटमध्ये, सुरुवातीलाच: सीक्रेटरिक्वायर्ड ट्रू आहे, पण सीक्रेट (अपाची नि टॉमकॅटमधला सामायिक परवलीचा शब्द) रिकामं. २०२० मध्ये एजेपीतली 'घोस्टकॅट' त्रुटी सापडली. उघड्या ८००९ मधून बाहेरच्याला ॲपमधल्या फायली वाचता येत. म्हणून ९.०.३१ पासून सीक्रेट डीफॉल्टने सक्तीचं झालं आणि कनेक्टर (एजेपीचं पोर्ट उघडणारा भाग) फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनपुरता, ऐकू लागला. मी टॉमकॅटची जुनी सेटिंग फाइल, सर्व्हर.एक्सएमएल, तशीच्या तशी उचलून ठेवली होती; तीत सीक्रेट नव्हतं. एजेपी उठलं नाही, ८०८० उठला, आणि रात्री मी तपासला तो नेमका ८०८०.

सीक्रेट दोन्हीकडे घालू म्हटलं, तर अपाचीच्या कॉन्फिगटेस्टने (सेटिंग तपासणारी कमांड) प्रॉक्सीपासची, म्हणजे मागणी टॉमकॅटकडे वळवणारी, ओळ नाकारली. तिथली अपाची २.४.४२ च्या आधीची. तिच्या एजेपी मॉड्यूलला सीक्रेट हा शब्दच माहीत नाही. बाहेर सौदे सुरू झालेले. म्हणून तात्पुरती सक्तीच काढली: ॲड्रेस १२७.०.०.१, सीक्रेटरिक्वायर्ड फॉल्स, टॉमकॅट रीस्टार्ट. ८००९ यादीत दिसला, तरी ब्राउझरवर ५०३ च! पुन्हा काही उचकणार तेवढ्यात आठवलं: एकदा जोडणी फसली की अपाची ६० सेकंद त्या बाजूला फिरकतच नाही. रिट्राय, म्हणजे हीच मुदत ठरवणारं सेटिंग, बदलला नसेल तर तेवढं थांबायचं, नाहीतर अपाची रीस्टार्ट करायची. थांबलो. पट्टी निघाली.

संध्याकाळी यार्ड शांत झाल्यावर एजेपी काढूनच टाकलं आणि प्रॉक्सीपास साध्या एचटीटीपीने ८०८० ला जोडला. एकाच मशीनवर एकच टॉमकॅट असेल तर मला हेच बरं वाटतं. फक्त एजेपी ज्या गोष्टी आपसूक पोचवायचं त्या हाताने द्याव्या लागतात: प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन (मूळ होस्टचं नाव), एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मूळ जोडणी एचटीटीपी की एचटीटीपीएस), आणि टॉमकॅटमध्ये असे हेडर वाचणारा रिमोटआयपीव्हॉल्व्ह. हेडर विसरलो, तर लॉगिननंतर पान एचटीटीपीएसवरून एचटीटीपीवर घसरलं. तेवढी एक चक्कर जास्तीची झाली.