बॅनरवरचा तेंडुलकर

त्रिपुरारी पौर्णिमा आली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात, जत्रा म्हणजे दशावतार, आमचं रात्रीचं लोकनाट्य, आणि दशावतार म्हणजे एसटी स्टँडपासून तिठ्यापर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. मी हे फ्लेक्स उभा राहून शेवटपर्यंत वाचणारा माणूस आहे, घरचे वैतागतात, पण सवय ती सवय. 'ट्रिकसीनयुक्त', 'महान पौराणिक', 'संयुक्त दशावतार' ही विशेषणं एकदम शुद्ध असतात. शुभेच्छुकांची नावं शुद्ध. ज्यांच्या सौजन्याने प्रयोग आहे त्यांच्या फोटोखालचं नाव तर पदासकट, माजी-आजी सगळं लावून शुद्ध. गडबड सुरू होते ती पार खालच्या कोपऱ्यात, कलाकारांच्या यादीत.

तिथे राऊळचा राहुल होतो, घाडींची गाडी होते, वायंगणकरांचं वैनगणकर होऊन ते बिचारे कोकणातून थेट विदर्भात वैनगंगेकाठी जाऊन पोचतात. आणि एका जत्रेत तर नारदाचं काम करणारे तेंडोलकर चक्क तेंडुलकर झाले होते. आता तेंडोली हे कुडाळ तालुक्यातलं चांगलं नांदतं गाव आहे, पण मोबाईलच्या कीबोर्डने आयुष्यात एकच आडनाव ऐकलेलं, तो काय करणार. रात्री आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, आटपून मुख्य कथेचं आख्यान लागलं, नारद 'नारायण नारायण' करत आला आणि मागच्या चटईवरून कोणीतरी पोरगा ओरडला, "मार रे सिक्सर!" झालं, मंडपभर हशा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं जागच्या जागी, त्यामुळे असा बॉल कोणी टाकला तर सोडायचा नसतो. नारद थांबले, वीणा खांद्यावर नीट केली आणि म्हणाले, "वत्सा, बॅट इंद्राच्या दरबारात राहिली, आज या वीणेवरच भागव." पेटीवाल्याने लगेच सूर धरला, मृदंगावर एक थाप पडली, आणि ती टाळी त्या रात्री राजपार्टीला, म्हणजे राजाचं काम करणाऱ्याला पण मिळाली नाही.

प्रयोगानंतर रंग पुसताना त्यांना कोणीतरी विचारलं, बॅनरवर नाव चुकलं तर राग नाही का येत. तर म्हणाले, "नाव चुकला तरी चलता, प्रवेश चुकलो तर लोक सोडूचे नाय."

मोठं मन म्हणायचं. मला मात्र राग येतो, कारण ही चूक होते कशी ते बघितलंय. दशावतार कंपनीचा माणूस वहीच्या कागदावर यादी लिहून देतो, मराठीत, बरोबर. मंडळाचा पोरगा ती व्हॉट्सअॅपवर इंग्लिश अक्षरात टाईप करतो, कारण त्याला तेच फास्ट जमतं. डीटीपीवाला परत ती मराठीत करतो. म्हणजे नाव एकदा घाट उतरलं आणि एकदा चढलं, मध्ये ळ पडला, ण पडला, आणि Raul चा राऊळ करायचा की राऊल की राहुल हे त्या दुकानातल्या मुलाच्या मूडवर. त्यात फाईल जुन्या फॉन्टमधली असली तर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. रात्री अकराला प्रूफ मोबाईलवर येतं आणि सगळे झूम करून काय बघतात, तर साहेबांचा फोटो पुरेसा मोठा आलाय ना. कलाकारांच्या यादीपर्यंत कोणाचं बोट खाली जातच नाही.

हे सगळं डोक्यात असायचं कारण म्हणजे माझी भाची. ती मुंबईत बॅले शिकते आणि तिच्यामुळे मी त्या नाचाचं थोडंफार वाचायला लागलो. वाचलं तर काय, तिकडे नावांचा घोळ आपल्यापेक्षा भारी, फक्त तिकडे तो मुद्दाम केलेला! शंभर वर्षांपूर्वी बॅले म्हणजे रशियन असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि द्यागिलेव्ह नावाचा मोठा कंपनीवाला पॅरिस, लंडन करत रशियन बॅले दाखवायचा. त्याच्याकडे १९१३ मध्ये हिल्डा मनिंग्ज नावाची इंग्लिश पोरगी आली तर तिला आधी केलं मनिंग्जोवा. नुसतं शेपूट लावलं मागे! तेही फार पटलं नसावं, कारण दोनेक वर्षांत ती सरळ लिडिया सोकोलोवा झाली. लिलियन अॅलिशिया मार्क्सची अॅलिशिया मार्कोवा झाली, चौदा वर्षांची होती तेव्हा. पॅट्रिक हीली-के नावाचा मुलगा १९२१ मध्ये लंडनला मागच्या रांगेत नाचायचा तर त्याचं पॅट्रिकेयेफ केलेलं, पुढे तो अँटन डोलिन म्हणून गाजला. आणि गंमत म्हणजे जे खरोखरचे तिकडचे होते त्यांचीही सुटका नाही, जॉर्जियन घरातल्या, नाच बसवणाऱ्या बालांचिवाद्झेचं बॅलँशिन केलं, का तर पॅरिसच्या लोकांना म्हणता यावं.

वर त्या रशियन लिपीतल्या नावांचा प्रवास वेगळाच. ती आधी फ्रेंच वळणाने लिहिली गेली, मग इंग्लिशने आपापल्या सोयीने उचलली. म्हणून नुरेयेव्ह हा नर्तक फ्रान्समध्ये एका स्पेलिंगने आणि लंडनमध्ये दुसऱ्याच. आमच्या राऊळांचंच दुखणं, फक्त विमानाने फिरलेलं.

नाव बदलून स्टेजवर जाणं आपल्याला नवीन आहे असं नाही. नारायणराव राजहंसांना बालगंधर्व कोणी केलं ते पोराटोरांना माहीत आहे. लीला सोखी, मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरांची बायको, कथ्थकवर बॅले बसवायची तर 'मादाम मेनका' म्हणून, आणि १९३६ मध्ये बर्लिनला तिच्या ग्रुपने बक्षिसं पण आणली. पण ही नावं कौतुकाने मिळालेली नाहीतर स्वतः घेतलेली. मनिंग्जोवा हे दुकानदाराने लावलेलं लेबल वाटतं मला. तिकीट काढणाऱ्याला जे हवं ते छापायचं, आत माणूस कोण का असेना. आपल्याकडे तिकीट नसतं, जत्रेचा दशावतार फुकट, त्यामुळे आपण पैसे देणाऱ्याचं नाव जपतो, एवढाच फरक. नाचणाऱ्याचं नाव दोन्हीकडे दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात.

एकच बाई मला यात जाम आवडली. मारिया टॉलचीफ, अमेरिकेतल्या ओसेज या आदिवासी जमातीतली. तिला पण सांगितलं होतं की आडनाव टॉलचिएवा कर, रशियन वाटेल, चालेल. ती नाही म्हणाली. पहिलं नाव जरा वळवून घेतलं, पण आडनावाला हात लावू दिला नाही, आणि त्याच आडनावाने न्यूयॉर्कमध्ये सगळ्यात मोठी नर्तिका झाली.

भाचीला ही गोष्ट मी रंगवून सांगितली, कारण तिच्या क्लासच्या कार्यक्रमपत्रिकेत पेडणेकरचं पेंडेकर छापलेलं आणि तिची आई क्लासवाल्यांना फोन करून भांडायच्या तयारीत होती. मला वाटलं पोरगी पेटून उठेल. तर ती म्हणे, मामा, ते जाऊदे, माझं नाव मागच्या वर्षी शेवटच्या पानावर होतं, यंदा दुसऱ्या पानावर आलंय, ते बघ ना.