मडगार्डवरची रेघ

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका काकांच्या संग्रहात जुन्या गाड्या आहेत. त्यांची फोटोंसकट नोंद करायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिलीच गाडी निघाली एमजी टीसी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या, १९४५ साली, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. १९४९ पर्यंत निघाल्या सुमारे दहा हजार. इंजिन अवघं १२५० सीसीचं, बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा, चाकं १९ इंची, तारांची. आणि पुढच्या चाकावरून उसळी घेऊन फूटबोर्डापर्यंत उतरत येणारं ते मडगार्ड! तसा बाक मी दुसऱ्या गाडीवर पाहिलेला नाही.

आतले फोटो गॅरेजातच उरकले. टीसीमध्ये चालवणाऱ्याच्या पुढ्यात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असतो, वेगाचा काटा शेजारच्याच्या पुढ्यात. काका म्हणाले, "गाडी किती पळतेय ते आमची ही बघायची, आणि मग ओरडायची." काकू आता नाहीत. त्या बाजूच्या सीटचं चामडं कडेला झिजलंय, त्याचा मी वेगळा फोटो घेतला.

बाहेरच्या फोटोंसाठी गॅरेज अरुंद होतं. म्हणून दुपारी खानापूरच्या वाटेवर काकांच्या नात्यातल्या एका वाड्यावर गेलो. गाडी स्वतःच्या चाकांवर आली. तिचा तडकलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा ओतीव भाग, उद्यमबागच्या फाउंड्रीत नव्यानं ओतून घेतलाय, आणि तो इतका बेमालूम बसलाय की सांगितल्याशिवाय कळत नाही. बेळगावात असं काम करणारे हात आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चकचकीत गाडीचा फोटो म्हणजे तिच्या पत्र्यात पडलेल्या आभाळाचा फोटो. गणपती नुकतेच झाले होते, आभाळ भरलेलं, उजेड मऊ. पण खाली तांबडी माती. तिचा रंग गडद हिरव्या पत्र्यावर चढून दारं खालच्या बाजूला तपकिरी दिसायला लागली. मग गाडीलगत काळं कापड अंथरलं. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर ठेवला, लांब पल्ल्याची लेन्स लावून मागे सरलो, कारण जवळून मोठ्या कोनाच्या लेन्सनं नाक फुगतं. पुढचं चाक थोडं वळवून घेतलं, म्हणजे तारा मोकळ्या दिसतात.

सगळं जमलं होतं, तरी मडगार्ड सपाट वाटत होतं. गाडीचं सगळं बघणारे मिस्त्री कधीपासून माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "दादा, हितं ट्यूबलाइट पाहिजे बघा. पोचा काढला की आम्ही ट्यूबखाली धरून बघतोय. रेघ सरळ गेली की पत्रा सरळ. रेघ हलली की परत हातोडी."

ट्यूब नव्हती, पण पांढरं कापड होतं. दोन बांबूंना ताणून त्यांनी ते मडगार्डच्या वरच्या अंगाला तिरपं धरलं. मी लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, काढून टाकला, नाहीतर त्यानं नेमकी ती चमकच खाल्ली असती. मिस्त्री बांबू इंचाइंचानं कलवत राहिले, आणि एका जागी पांढरी रेघ मडगार्डच्या माथ्यावरून निघून बाकाबरोबर खालपर्यंत धावत आली. पत्र्याला एकदम गोलाई आली.

फूटबोर्डाच्या जरा अलीकडे ती रेघ किंचित थरथरत होती. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती जागा मोठी करून दाखवली. मिस्त्रींनी तिथं अंगठा टेकवला. "हे आमच्या वस्तादांचं काम. लांबी (पुट्टी) न भरता नुसत्या हातोडीनं काढलंय. मला सारखं करता आलं असतं, पण मी हात लावला नाही."

कॉम्प्युटरवर ती थरथर दोन मिनिटांत पुसता येते. काकांनाही आधी तसंच हवं होतं. मी त्यांना म्हटलं, ही नोंद आहे, जाहिरात नव्हे. वस्तादांचा हात या गाडीत आहे, तर तो फोटोतही दिसू दे. काका थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "असू दे की. आणि खाली वस्तादांचं नाव घाला."

नाव घातलं. संग्रहातली पुढची गाडी दिवाळीनंतर आहे. त्या दिवशी मिस्त्री मोकळे आहेत का, ते आधी विचारलं आणि मगच तारीख दिली.